पदं मोजण्याआधी राशी आवरा : एकपदी, द्विपदी, त्रिपदी ओळखायची रीत

आठवीतल्या एका मुलीने ५अब या बीजगणितातल्या राशीसमोर ‘त्रिपदी’ असं लिहिलं होतं. कसं काय, असं विचारलं तर बोटांवर मोजत म्हणाली, “सर, पाच एक, अ दोन, ब तीन.” शेजारचा मुलगा लगेच अहिराणीत ओरडला, “हाई एकच शे!” (हे एकच आहे.) उत्तर त्याचं बरोबर होतं. पण एकच का, हे विचारल्यावर तोही गप्प बसला.

मला त्या मुलीच्या चुकीपेक्षा त्या मुलाचं गप्प बसणं जास्त लागलं. एकपदी, द्विपदी, त्रिपदी ही नावं सोपी असल्यामुळे वर्गात हा भाग एका तासात उरकला जातो. पुढे नववीत बहुपदीचा धडा येतो, अवयव पाडायचे असतात, आणि तेव्हा कळतं की मुलाला ‘पद’ म्हणजे काय तेच नीट ठाऊक नाही. म्हणून ही रीत सावकाश लिहितो आहे, मुलांसाठी आणि संध्याकाळी ओट्यावर मुलांना घेऊन बसणाऱ्या आई-वडिलांसाठीही.

अक्षरांबद्दल आधी एक गोष्ट. पाठ्यपुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरं असतात. इथे मी अ, ब, य अशी आपली अक्षरं घेतली आहेत. गणितात त्याने काही फरक पडत नाही.

पद म्हणजे पावतीवरची एक ओळ

त्या मुलीच्या घरी कापूस आणि मका होतो. खेडा खरेदीला व्यापारी दारात येतो, वजन करतो, पावती फाडतो. मी तिला म्हटलं, बाबांनी १२ क्विंटल कापूस आणि ८ क्विंटल मका विकला, हमाली-तोलाईचे ३०० रुपये कापले गेले. भाव अजून ठरलेला नाही. कापसाचा भाव क आणि मक्याचा म धर. हाती किती पैसे येतील?

तिने लिहिलं : १२क + ८म − ३००.

पावतीवर ओळी किती? तीन. कापसाची, मक्याची, हमालीची. ही राशी तीन पदांची. आता कापसाच्या ओळीत बघा : १२ आणि क यांचा गुणाकार आहे. तो ओळीच्या आत होतो, आणि वजन गुणिले भाव मिळून रक्कम एकच येते. बेरीज-वजाबाकी होते ती दोन ओळींच्या मध्ये. पदाची सगळी ओळख एवढ्यात आली. गुणाकाराने पद तुटत नाही. अधिक किंवा वजा आलं की नवं पद सुरू होतं.

मग ५अब कडे वळलो. ५ ट्रॅक्टर केळी, प्रत्येकात अ क्विंटल, क्विंटलला भाव ब रुपये. एकूण रक्कम ५ × अ × ब. पावतीवर ओळ एकच. तिने स्वतःच ‘त्रिपदी’ खोडून ‘एकपदी’ लिहिलं. ५ हा त्या पदाचा सहगुणक, अ आणि ब ही चलं. एका पदात चलं कितीही असोत, पद एकच.

पहिली पायरी : ही बहुपदी आहे का ते बघा

ही पायरी बरेच जण गाळतात. य + ३/य अशी राशी दिसली की दोन पदं दिसतात आणि मूल ‘द्विपदी’ लिहून मोकळं होतं. पण एकपदी, द्विपदी, त्रिपदी ही बहुपदींचीच नावं आहेत. बहुपदीत प्रत्येक चलाचा घातांक पूर्ण संख्या हवा, म्हणजे ०, १, २, ३ असा. ३/य मध्ये य छेदात आहे, म्हणजे त्याचा घातांक −१. म्हणून य + ३/य ही बहुपदी नाही, आणि तिला द्विपदी म्हणायचा प्रश्नच येत नाही.

मी मुलांना प्रत्येक अक्षरावर बोट ठेवायला लावतो. अक्षर छेदात आहे का? वर्गमूळाच्या चिन्हाखाली आहे का? तसं असेल तर थांबा.

बोट अक्षरावर ठेवायचं, आकड्यावर नाही. य/३ चालतं, कारण छेदात नुसता आकडा आहे आणि सहगुणक १/३ झाला. √२ य चालतं, कारण वर्गमूळ २ चं आहे. √य मात्र चालत नाही. सहगुणक अपूर्णांक असो, अपरिमेय असो, ऋण असो, कुठलीही वास्तव संख्या चालते. अट फक्त चलाच्या घातांकावर आहे.

नुसता आकडा, समजा ७, हीसुद्धा बहुपदी आहे. तिच्यात एकच पद आहे, म्हणून ती एकपदी. चल नसतानाही ‘राशी’ कशी म्हणायची, असं मुलं विचारतात. ७ म्हणजे ७ गुणिले य चा शून्यावा घात, असं समजावलं की पटतं.

दुसरी पायरी : कंस उघडा

सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. मी शाळेत असताना आम्हाला एक युक्ती शिकवली होती : अधिक-वजाची चिन्हं मोजा आणि एक मिळवा, झाली पदांची संख्या. साध्या राशीला ती लागू पडते. १२क + ८म − ३०० मध्ये चिन्हं दोन, पदं तीन. पण परीक्षेत ३(य − ४) + १२ आलं आणि मी ‘चिन्हं दोन, म्हणून त्रिपदी’ असं लिहिलं. कंस उघडला असता तर ३य − १२ + १२, म्हणजे नुसतं ३य. एकपदी. त्या एका गुणापेक्षा मला याचं वाईट वाटलं की ती युक्ती का चुकली हे पुढे दोन वर्षं मला कुणी सांगितलं नाही. माझ्या वर्गात मी ती युक्ती शिकवत नाही. −४य मध्येही ती फसतेच : चिन्ह एक, पदही एकच.

कंसाआधी वजा असेल तर आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह पालटतं, फक्त पहिल्याचं नाही. हे माहीत सगळ्यांना असतं, घाईत विसरतं. हे उदाहरण वहीत स्वतः करून बघा :

(य + १)² − (य − १)²

आधी दोन्ही वर्गांचा विस्तार, आणि दुसरा विस्तार कंसातच ठेवायचा :

(य² + २य + १) − (य² − २य + १)

आता कंस काढा :

य² + २य + १ − य² + २य − १

य² गेला, १ गेला, उरलं ४य. एवढी मोठी दिसणारी राशी एकपदी निघाली. दुसरा कंस न ठेवता जे मूल थेट लिहितं, त्याच्याकडे बहुतेक वेळा − य² − २य + १ येतं आणि उत्तर २ निघतं. तेही एकपदीच, पण चुकून.

गुणाकाराच्या रूपातली राशी तशीच सोडू नका. (य + २)(य + ३) मध्ये कुणी दोन कंस मोजून ‘द्विपदी’ म्हणतं, तर कुणी ‘गुणाकार आहे म्हणून एकच पद’ म्हणतं. दुसऱ्याचा विचार माझ्याच पावतीच्या नियमावरून आलेला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. एकपदी म्हणजे आकडा आणि चलं यांचाच गुणाकार. इथे गुणल्या जाणाऱ्या गोष्टींच्या पोटात अधिक आहे. तो मोकळा केल्याशिवाय पदं दिसत नाहीत. विस्तार केला की य² + ५य + ६, त्रिपदी.

दंडगोलाच्या एकूण पृष्ठफळाचं सूत्र बघा : २ × पाय × त्र × (त्र + उ). इथे त्र म्हणजे त्रिज्या, उ म्हणजे उंची. सूत्र म्हणून ते गुणाकाराच्या रूपात पाठ असतं. उघडल्यावर एक पद दोन्ही गोल तोंडांचं आणि दुसरं पद वक्रपृष्ठाचं. द्विपदी. पाय ही संख्या आहे, चल नाही, त्यामुळे ती सहगुणकात जाते.

आता मला फार आवडणारी एक गोष्ट. दोन द्विपदींचा गुणाकार करून कधी एकपदी मिळेल का? मुलांना आठवडाभर शोधायला सांगा. त्रिपदी मिळेल, चार पदं मिळतील, (य + २)(य − २) मधून य² − ४ अशी द्विपदीही मिळेल. एकपदी मात्र मिळणार नाही. कारण सोपं आहे. पहिल्या द्विपदीतलं सर्वांत मोठ्या घाताचं पद दुसरीतल्या सर्वांत मोठ्या घाताच्या पदाशी गुणलं की जो घात येतो, तो दुसऱ्या कुठल्याच जोडीतून येत नाही. मग ते पद उडवणार कोण? सर्वांत लहान घातांचंही तसंच. (य³ + य)(य² − ५) मध्ये एका टोकाला य⁵ आणि दुसऱ्या टोकाला −५य उरणारच. मधली पदं उडोत वा राहोत, ही दोन हलत नाहीत.

तिसरी पायरी : सजातीय पदं एकत्र करा

बाबांनी चार दिवसांनी त्याच भावाने आणखी ३ क्विंटल कापूस दिला, तर पावतीवर कापसाच्या दोन ओळी होतील : १२क आणि ३क. हिशेब करताना आपण त्या १५क अशा एका ओळीत आणतो. मक्याची ओळ त्यात मिसळत नाही. ज्या पदांत अक्षरं तीच आणि प्रत्येक अक्षराचा घातांकही तोच, ती सजातीय पदं. त्यांना सरूप पदंही म्हणतात.

हा नियम खानदेशाच्या मातीला परका नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, पाटणचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांनी सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. त्याच्या ‘बीजगणित’ या भागात हाच नियम आहे : समान जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी करावी, भिन्न जातीच्या वेगळ्या मांडाव्यात. ‘सजातीय’ या आपल्या शब्दातली जात तीच.

त्यांची मांडणीही बघण्यासारखी आहे. अज्ञात राशीसाठी ‘यावत्तावत्’ म्हणून ‘या’, दुसऱ्या अज्ञातासाठी ‘कालक’ म्हणून ‘का’, नुसत्या आकड्यासाठी ‘रूप’ म्हणून ‘रू’. वर्गासाठी ‘व’. आपण य² + ५य − ६ लिहितो, तिथे ते ‘याव १ या ५ रू ६’ असं मांडत आणि ऋण असलेल्या ६ च्या डोक्यावर टिंब देत. पदांच्या मध्ये अधिक-वजा नाहीच. प्रत्येक पद आपलं अक्षर, आपला आकडा आणि आपलं ऋणत्व स्वतःजवळ घेऊन उभं. चिन्ह हे दोन पदांमधली भिंत नसून त्याच्यानंतर येणाऱ्या पदाचा भाग आहे, हे मुलांना सांगताना मी हीच मांडणी फळ्यावर लिहितो. चाळीसगाव तालुक्यातली मुलं सहलीला पाटणादेवीला जाऊन आलेली असतात. तिथल्या माणसाचं गणित म्हटलं की कान टवकारतात.

आता एक अवघड राशी सावकाश आवरू :

४अ²ब − ३अब² + अब + २बअ² − ५ + ३ब²अ − अब

सात पदं आहेत. पेन्सिल घ्या. ४अ²ब खाली एक रेघ मारा. तशीच दुसरी शोधा. २बअ² मध्ये अक्षरांचा क्रम उलटा आहे, पण अ चा घातांक २ आणि ब चा १, म्हणजे जात तीच. त्याखालीही एक रेघ. −३अब² खाली दोन रेघा. चिन्हासकट मारा, रेघ वजापासून सुरू झाली पाहिजे. ३ब²अ त्याच जातीचं, त्यालाही दोन रेघा. अब आणि −अब खाली नागमोडी रेघ. −५ भोवती गोल.

एक रेघवाल्यांची बेरीज ६अ²ब. दोन रेघावाल्यांची शून्य. नागमोडीवाल्यांचीही शून्य. उरलं :

६अ²ब − ५

सातावरून दोनावर आलो. अ²ब आणि अब² यांना एकच समजणं ही इथली नेहमीची चूक. अ = २ आणि ब = ३ घालून बघायला सांगा : पहिल्याचं १२ येतं, दुसऱ्याचं १८. किमती घातल्या की वाद मिटतो.

चौथी पायरी : आता मोजा

आवरलेल्या राशीत पदं मोजायला क्षणही लागत नाही. मोजताना प्रत्येक पद चिन्हासकट मोठ्याने वाचा : “अधिक सहा अ वर्ग ब, वजा पाच.” दोन. सहगुणक शून्य झालेलं पद मोजायचं नाही. सगळीच पदं उडाली आणि ० उरला तर ती शून्य बहुपदी. तिची कोटी (कोटी म्हणजे काय ते पुढच्या पायरीत) ठरवता येत नाही, हे नववीत एका गुणाला विचारतात.

पाचवी पायरी : नाव द्या, आणि कोटीचं नाव वेगळं ठेवा

एक पद असेल तर एकपदी, दोन असतील तर द्विपदी, तीन असतील तर त्रिपदी. चार किंवा जास्त पदांना वेगळं नाव शिकवत नाहीत, नुसतं बहुपदी म्हणतात. त्यामुळे काही मुलांचा समज होतो की एकपदी ही बहुपदीच नाही. तसं नाही. एकपदी, द्विपदी आणि त्रिपदी या सगळ्या बहुपदीच आहेत.

पदांची संख्या आणि कोटी या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. एका चलाच्या बहुपदीत सर्वांत मोठा घातांक म्हणजे कोटी. कोटी १ असेल तर रेषीय, २ असेल तर वर्ग, ३ असेल तर घन. य³ एकपदी आहे आणि घनही. य³ + य + १ त्रिपदी आहे आणि घनही. ‘त्रि’ ऐकलं की मुलांना ३ आठवतो आणि ती घात ३ शोधू लागतात. य² + य + १ त्रिपदी असूनही तिची कोटी २. एका पदात दोन चलं असतील तर त्यांच्या घातांकांची बेरीज करायची : ६अ²ब − ५ ची कोटी ३.

हे सगळं कशाला

अवयव पाडताना पहिला प्रश्न ‘पदं किती?’ हाच असतो, आणि पुढचा रस्ता त्यावरून ठरतो. सगळ्या पदांत सामाईक काही असेल तर ते आधी बाहेर काढायचं. मग द्विपदी उरली तर दोन वर्गांची वजाबाकी आहे का बघायचं, जसं ४य² − २५. किंवा घनांची बेरीज-वजाबाकी, जसं अ³ + ब³. चार पदं असतील तर दोन-दोनच्या जोड्या लावून बघायच्या : अब + २अ + ३ब + ६ मधून अ(ब + २) + ३(ब + २), म्हणजे (अ + ३)(ब + २).

वर्ग त्रिपदीत मात्र आपण उलटं काम करतो. य² + ५य + ६ मध्ये ५य ला २य + ३य असं फोडतो, म्हणजे आवरलेली राशी मुद्दाम विस्कटतो, कारण चार पदं झाली की जोड्या लावता येतात. त्या ओळीत पदं चार दिसली तरी राशी त्रिपदीच आहे. तिसरी पायरी ज्याला कळली, त्याला मधलं पद फोडणं जादूसारखं वाटत नाही. तीच पायरी तो मागे चालत जातो.

सरावासाठी

आधी स्वतः सोडवा, मग खाली बघा.

−९अबक
(अ + ब)² − २अब
य² + ३/य
(६य² + ९य − ३)/३
√३ य² − √२
(अ + ब)³
य(य + १) − य² − य
(य² + य + १)(य − १)

पहिली एकपदी, कोटी ३. दुसरी उघडल्यावर अ² + ब² उरते, द्विपदी. तिसरी बहुपदी नाही. चौथीत छेदात नुसता आकडा आहे, भागून २य² + ३य − १ येते, त्रिपदी. पाचवी द्विपदी, वर्गमूळं आकड्यांची आहेत. सहावी म्हणजे अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³, चार पदं. सातवी शून्य बहुपदी.

आठवीवर मुलं अडखळतात, म्हणून ती पूर्ण लिहितो. त्रिपदीतल्या प्रत्येक पदाला आधी य ने गुणा : य³ + य² + य. मग −१ ने : − य² − य − १. दोन्ही ओळी एकाखाली एक, जातीखाली जात येईल अशा लिहा. य² खाली −य² येतो, य खाली −य. मधलं सगळं उडतं आणि दोन टोकं उरतात : य³ − १. द्विपदी.